नाटकातील शब्द आणि त्याचा श्रोता

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत दिल्लीत दोन अकादम्या उभ्या राहिल्या. १९५३ साली संगीत नाटक अकादमी आणि १९५४ साली साहित्य अकादमी. नाटककार तेव्हापासून दोन घरचा पाहुणा झाला. एका घरी त्याची संहिता तोलली जाते, दुसऱ्या घरी त्याचे रंगभूमीवरील कर्तृत्व. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो अशी आपल्याकडे म्हण आहे; परंतु मराठी नाटककाराच्या बाबतीत ती खरी ठरली असे म्हणता येणार नाही. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'ला १९७४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. महेश एलकुंचवारांना संगीत नाटक अकादमीने १९८९ साली गौरविले आणि 'युगान्त' ह्या नाट्यत्रयीसाठी साहित्य अकादमीने २००२ साली. उपाशी राहिली ती नाट्यसमीक्षा.

घरे दोन आहेत म्हणून गुणही दोन जातींचे असले पाहिजेत, असे ही समीक्षा धरून चालली. भाषेचे सौंदर्य, कल्पनाविलास, चिंतन, स्वभावचित्रणाची खोली ही सगळी वाङ्मयगुणांच्या रकान्यात जमा करावयाची. संघर्ष, गती, उत्कंठा आणि प्रवेशांची बांधणी ही नाट्यगुणांच्या रकान्यात. मग बेरीज मांडून निकाल द्यावयाचा की अमुक नाटक वाचनीय आहे पण प्रयोगक्षम नाही, आणि तमुक नाटक रंगते खरे पण वाङ्मय म्हणून टिकणारे नाही. आपल्या वाङ्मयेतिहासांतून आणि परीक्षणांतून ही वाक्ये इतक्या वेळा येऊन गेली आहेत की ती लिहिताना कोणाला विचार करावा लागत नाही. प्रस्तुत लेखकानेही ती लिहिली आहेत. ती लिहिण्यापूर्वी थांबावे असे मला वाटू लागले ते एका तालमीत, आणि तेही एका नटीने विचारलेल्या साध्या प्रश्नामुळे.

एका मराठी कौटुंबिक नाटकाचा मी हिंदी अनुवाद केला होता आणि इंदूरची एक हौशी संस्था तो बसवीत होती. घर विकण्यावरून दोन भावांची बोलाचाली चालली आहे. आई इतका वेळ गप्प आहे. एकदा तोंडातून गेले की परत घेता येणार नाही असे काहीतरी थोरला मुलगा बोलण्याच्या बेतात आहे. आणि नेमक्या त्या क्षणी आई धाकट्या सुनेला म्हणते की दूध उतू जाईल, बघ. मला हे वाक्य फार आवडले होते. घरातच काहीतरी उतू जात आहे हे त्यातले सूचन हिंदी वाचकाच्या हातून निसटू नये, म्हणून मी त्यातला 'बघ' काढून टाकला आणि दूध उफाळून आल्याचे एक गंभीर, किंचित लयबद्ध विधान केले. तालमीत आईचे काम करणाऱ्या बाई त्या वाक्यापाशी दोनतीनदा अडखळल्या. शेवटी त्यांनी मला विचारले, "हे मी कुणाला सांगते आहे?"

मी मूळ संहिता उघडली. आई ते सुनेला सांगत होती. थोरला जे बोलणार ते परघरातून आलेल्या मुलीच्या कानी पडू नये म्हणून तिला स्वयंपाकघरात पिटाळीत होती. ते वाक्य म्हणजे विलाप नव्हता, भाष्य नव्हते. घराची अब्रू झाकण्याची ती घाईची धडपड होती. प्रतिमा होतीच, पण ती ह्या क्रियेच्या पोटात होती. मी क्रिया टाकून प्रतिमा तेवढी ठेवली, आणि प्रतिमाही निष्प्राण झाली. वाङ्मयगुण वाढविण्याच्या नादात मी नाट्यगुण घालवला असे म्हटले तर ते अर्धेच खरे होईल. दोन्ही एकदमच गेले.

त्या बाईंचा प्रश्न आपल्या शास्त्रकारांना नवा नव्हता. काव्याचे दृश्य आणि श्राव्य असे भेद करणारी परंपरा आपण अभिमानाने सांगतो. भरताने वाणीला नाट्याचे शरीर मानले हेही सांगतो. परंतु धनंजयाने 'दशरूपका'त रंगमंचावरील भाषणाचे जे भेद केले आहेत ते मात्र परीक्षेपुरत्या संज्ञांच्या यादीत टाकून मोकळे होतो. सर्वांना ऐकू जाणारे ते सर्वश्राव्य, कोणालाही ऐकू न जाणारे ते अश्राव्य म्हणजेच स्वगत, आणि काही थोड्यांनाच ऐकू जाणारे ते नियतश्राव्य. जनान्तिक आणि अपवारित हे त्याचे प्रकार. हे वर्गीकरण अलंकारांवर किंवा छंदांवर आधारलेले नाही. ऐकणारा कोण, ह्या एकाच प्रश्नावर ते उभे आहे. श्राव्यकाव्याला असा भेद करण्याची गरज पडत नाही, कारण कवितेतील ओळ जो वाचील त्याची. नाटकातील वाक्य मात्र मंचावर कोणीतरी कोणाला तरी ऐकवीत असतो आणि आपण प्रेक्षक ते चोरून ऐकत असतो. मला म्हणावयाचे आहे ते इतकेच की नाटकातील शब्दाचे वाङ्मयीन मोल ठरवतानाही हा मंचावरचा श्रोता बाजूला सारता येत नाही. वाक्य ज्याला उद्देशून आले त्याची स्थिती त्यामुळे हलते का, किंवा ती न हलण्यातच काही घडते का, हे पाहिल्यावाचून ते वाक्य वाङ्मय म्हणून चांगले आहे की नाही हेसुद्धा सांगता येणार नाही.

ही कसोटी राम गणेश गडकऱ्यांना लावून पाहावी. कारण भाषेने नाटक गिळले हा आरोप त्यांच्यावर वारंवार झाला आहे. 'एकच प्याला' रंगभूमीवर आले ते १९१९ च्या फेब्रुवारीत, गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर महिनाभराने. गंधर्व नाटक मंडळीच्या त्या प्रयोगात बालगंधर्व सिंधू झाले होते आणि गणपतराव बोडस सुधाकर. ह्या नाटकातील रामलाल हा सज्जन, सुशिक्षित आणि बोलका गृहस्थ. समाजस्थितीवरची त्याची भाषणे सुटी काढून निबंध म्हणून वाचली तर त्यांतील तळमळ आणि शैली दोन्ही मनाला भिडतात. नाटकात ती चालू असताना समोर एखादे पात्र उभे असते, पण ते रामलालाला दम घेण्यापुरती उसंत मिळावी म्हणून. भाषण संपते तेव्हा कोणाचेही काही बदललेले नसते. येथे जुन्या टीकाकारांचा निकाल मला मान्य आहे, कारण मात्र मान्य नाही. भाषा अलंकृत आहे म्हणून ही भाषणे पडत नाहीत. त्यांना ऐकणारा कोणी नाही म्हणून पडतात.

आता ह्याच नाटकातील सुधाकराचे दारूविषयीचे दीर्घ भाषण पाहावे. ते लांबीने काही कमी नाही आणि उपमा-दृष्टांतांची त्यात रामलालाच्या भाषणांइतकीच रेलचेल आहे. दारू माणसाला पायरीपायरीने कसे ओढून नेते आणि एका टप्प्यानंतर परत फिरण्याचा मार्ग कसा उरत नाही, हे सुधाकर त्यात सांगतो. पण तो ते कोणाला सांगतो? रामलालाला, माणूस उपदेशाने सुधारतो अशी ज्याची आयुष्यभराची श्रद्धा आहे त्याला. सुधाकराच्या प्रत्येक वाक्याबरोबर रामलालाच्या हातातले एकेक हत्यार गळून पडते. जो रामलाल बोलू लागला की नाटक थांबते, तोच रामलाल ऐकू लागला की नाटक पुढे जाते! लेखक तोच, भाषेचा थाट तोच, पात्रेही तीच. फरक श्रोत्यात आहे. नाटकाच्या शीर्षकाचेही असेच. तळीरामाच्या पंगतीत जे दोन शब्द आमिष म्हणून येतात, तेच सुधाकर स्वतःला सूट देण्यासाठी वापरतो, आणि अखेर विषाच्या प्याल्याशी ते येऊन थांबतात. त्या दोन शब्दांत अलंकार शोधू गेल्यास काही सापडणार नाही.

अनुवादकाला येथे आणखी एक गोष्ट दिसते, जी मराठी वाचकाच्या सवयीमुळे नजरेआड होते. त्या काळच्या कुलीन घरातील स्त्री नवऱ्याचे नाव घेत नसे, त्याला सर्वनामानेही संबोधीत नसे. 'इकडून येणे झाले' अशी तिची भाषा. नवरा हा व्याकरणात माणूस न राहता एक दिशा होऊन जातो. सिंधूच्या तोंडची ही भाषा हिंदीत 'आप' केली की अर्थ सर्व येतो आणि नाटक निघून जाते. सुधाकर जसजसा घसरतो तसतसे त्या आदराचे आणि त्याच्या वागणुकीचे अंतर प्रेक्षकाला असह्य होत जाते. सिंधूने त्याविषयी एक अक्षर बोलण्याची गरज उरत नाही. ह्याला भाषागुण म्हणावे की नाट्यगुण, हा प्रश्न मला सोडविता आलेला नाही, आणि अनुवाद करताना तो सोडवून उपयोगही झाला नसता.

गोविंद बल्लाळ देवलांच्या वाट्याला उलट अन्याय आला. 'शारदा' हे नाटक १८९९ सालचे. देवलांची भाषा प्रासादिक, घरगुती. म्हणून नाट्यगुणांबद्दल त्यांना पूर्ण गुण द्यावयाचे आणि वाङ्मयगुणांबद्दल पाठीवर हात फिरवावयाचा, असा प्रघात पडला. पण भद्रेश्वर दीक्षित, कांचनभट आणि म्हातारा भुजंगनाथ ह्यांची बोलणी नीट ऐकावीत. एका मुलीचा सौदा चालला आहे आणि सौद्याची भाषा मात्र धर्माची, वंशाची आणि वात्सल्याची आहे. प्रत्येक वाक्याने पलीकडच्या माणसाचा लोभ थोडा वाढतो किंवा शंका थोडी कमी होते. इतक्या साध्या शब्दांत इतका ढोंगीपणा भरणे ही भाषाप्रभुत्वाची गोष्ट नव्हे काय? त्याच सुमारास श्रीपाद कृष्ण कोल्हटकर 'मूकनायक' (१९०१) सारख्या नाटकात कोटीला कोटी भिडवीत होते. ती कोटिबाजी चतुर आहे, पण तेथे पात्रे एकमेकांशी बोलत नाहीत. एकमेकांच्या डोक्यावरून वाचकाशी बोलतात. गडकऱ्यांनी गुरू मानले ते कोल्हटकरांना, हे विसरून चालत नाही; देवलांना मानले असते तर रामलाल कदाचित थोडे कमी बोलला असता.

संगीत नाटकातील पदांचा विचार येथे मुद्दाम टाळतो आहे. 'वन्समोअर' मिळताच पदाचा श्रोता मंचावरून उठून प्रेक्षागृहात जाऊन बसतो, आणि त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागेल.

आधुनिक नाटकात ही कसोटी अधिक तीव्र होते, कारण स्वगताची जुनी मोकळीक तेथे नाही. 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले, डॉ. श्रीराम लागूंनी त्यातील गणपतराव बेलवलकर उभे केले, आणि तेव्हापासून त्यातील स्वगते शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धांतून म्हटली जात आहेत. ती म्हणणाऱ्या मुलांबद्दल माझी तक्रार नाही. परंतु स्पर्धेतील ते भाषण ऐकून नाटकाविषयी मत बनवणारे काही विद्वान मला भेटले आहेत, आणि भाषा फार फुलारलेली आहे, नाटक म्हणून ती खटकते, असे त्यांचे म्हणणे असते. बेलवलकर हा नट आहे, हे ते विसरतात. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेले शब्द बोललेल्या माणसाला दुःख झाले की तो भरजरी भाषेतच बोलणार. तीच त्याची ढाल आहे. ही भाषा घरात कोणाला नको आहे, हेच तर त्याचे दुःख. मुलीच्या घरी आईवडिलांवर चोरीचा संशय येतो त्या प्रवेशात शब्द अगदी रोजच्या वापरातले आहेत, आणि त्यांच्यापुढे ती सगळी भरजरी भाषा उघडी पडते. ती स्वगते ह्या प्रवेशावाचून म्हणणे म्हणजे जखम दाखवल्याशिवाय कण्हणे.

विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) मधील लीला बेणारेचे अखेरचे भाषण ह्याहून अवघड उदाहरण आहे. खेळातल्या खटल्याचा खेळ उरलेला नाही. कोर्ट तिला तिची बाजू मांडण्यासाठी दहा सेकंद देते. मग सारे जागच्या जागी थिजतात आणि ती बोलू लागते; आपल्या शरीराविषयी, प्रेमाविषयी, फसवणुकीविषयी. मराठी नाट्यवाङ्मयातील उत्कृष्ट गद्यात ह्या भाषणाची गणना होते आणि तशी ती व्हावीच. वास्तववादी नाटकात असे काव्यमय भाषण बसत नाही, ते लेखकाने वरून घातले आहे, असा आक्षेपही त्यावर घेण्यात येतो. माझ्या मते ह्या भाषणाचे सारे नाट्य त्याला श्रोता नसण्यात आहे. दहा सेकंद संपतात. काशीकर, सुखात्मे आणि मंडळी पुन्हा हलू लागतात. त्यांच्या लेखी बाई काहीच बोललेली नाही. एवढे सगळे आपण ऐकले आणि ज्यांनी ऐकावयास हवे होते त्यांनी एक शब्दही ऐकला नाही. धनंजयाच्या परिभाषेत ते शुद्ध अश्राव्य आहे, पण भर न्यायालयात, आरोपीला बोलण्याची परवानगी दिल्यानंतर! मग जी शिक्षा सुनावली जाते ती गप्प राहिलेल्या बाईला सुनावली जाते. हे भाषण छापील पानावर वाचताना थिजलेल्या माणसांचा रंगनिर्देश वाचक ओलांडून जातो आणि एक सुंदर निवेदन त्याच्या हाती राहते. त्याला मी वाङ्मयगुणांचे आकलन म्हणणार नाही. त्याने वाङ्मयच अर्धे वाचले.

येथे एका गोष्टीची कबुली द्यावयास हवी. एखाद्या संहितेतील श्रोता आपल्याला दिसत नाही ह्याचा अर्थ तो तेथे नाही असा नेहमीच होत नाही. रवींद्रनाथांचे 'रक्तकरबी' हे नाटक विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातले. रूपकात्मक गद्यकाव्य म्हणून ते वाचले गेले आणि रंगभूमीला ते पेलणारे नाही असा समज दृढ झाला. १९५४ साली शंभू मित्रांनी 'बहुरूपी' संस्थेतर्फे ते उभे केले, तृप्ती मित्र नंदिनी झाल्या, आणि भारतीय रंगभूमीच्या इतिहासात तो प्रयोग मैलाचा दगड ठरला. संहितेत मधल्या काळात काही बदललेले नव्हते. यक्षपुरीचा राजा जाळीआड आहे. नंदिनी त्याच्याशी बोलते ती त्याला न पाहता. ही जाळी आपण प्रतीक म्हणून वाचीत होतो. शंभू मित्रांनी ती आधी वस्तुस्थिती म्हणून घेतली: एक मुलगी अशा माणसाशी बोलते आहे की ज्याचे तोंड तिला दिसत नाही. मग तिच्या वाक्यांतील सगळे काव्य कोणाला तरी बाहेर बोलावण्याचे काव्य झाले. हिंदीत जयशंकर प्रसादांच्या नाटकांचीही अशीच कथा आहे. रंगमंचाने नाटकाच्या मागून यावे, नाटकाने रंगमंचाच्या मागून नव्हे, हे प्रसादांचे म्हणणे पुष्कळ काळ एका कवीचा हट्ट म्हणून बाजूला ठेवले गेले, पुढे ब. व. कारंतांसारख्या दिग्दर्शकाने 'स्कंदगुप्त' रंगमंचावर आणले. तेव्हा 'प्रयोगक्षम नाही' ह्या निकालात पुष्कळदा संहितेविषयी थोडे आणि त्या काळच्या रंगभूमीविषयी अधिक सांगितलेले असते. तथापि ह्याच न्यायाने रामलालाची भाषणेही कोणीतरी एक दिवस जिवंत करील असे मला वाटत नाही. जाळीआड निदान राजा होता.

हा प्रश्न मला केवळ तात्त्विक वाटत नाही, कारण आपल्या देशात एका भाषेतील नाटक दुसऱ्या भाषेत जाते ते बहुतेक वेळा पुस्तकाच्या वाटेने. निवड करणारे ते वाचून निवडतात. अनुवादक ते टेबलाशी बसून अनुवादतो. छापून आल्यावर ते पुन्हा वाचले जाते. ह्या प्रवासात जे वाक्य एकटे उभे राहू शकते ते टिकते आणि जे दुसऱ्याच्या अंगावर टेकून उभे आहे ते पडते. मग ज्या नाटकांत एकटी उभी राहणारी वाक्ये पुष्कळ, ती 'साहित्यगुणसंपन्न' म्हणून देशभर पोचतात. आणि ज्यांची भाषा टेकून उभी आहे, ती आपापल्या प्रांतात रंगत राहतात. एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' दुसऱ्या जातीचे आहे. विजया मेहतांनी ते १९८५ साली रंगमंचावर आणले. विदर्भातील एका गावातले देशपांड्यांचे घर, तात्याजींचा मृत्यू, मुंबईहून आलेला मुलगा आणि सून. सुटे काढून दाखवावे असे वाक्य त्यात शोधून सापडत नाही. वऱ्हाडी घरबोली आणि मुंबईची बोली ह्यांच्यामधल्या फटीत कितीतरी अपमान केवळ उच्चाराने होतात. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर आहे. त्याच्याविषयी कोणी काव्य करीत नाही, येताजाता अंधारात त्याला अडखळतात.

आणि दादी आहे. मेलेल्या मुलाला हाक मारणारी आणि किती वाजले असे पुन्हा पुन्हा विचारणारी म्हातारी. ह्या प्रश्नाचा अनुवाद कोणत्याही भारतीय भाषेत दोनतीन शब्दांत होतो. शब्दकोश उघडावा लागत नाही. मी एकदा तो करून पाहिला. पहिल्या वेळचा, पाचव्या वेळचा आणि शेवटचा प्रश्न मूळ मराठीत अक्षरशः सारखा आहे, आणि प्रत्येक वेळी खोलीतली माणसे वेगळी आहेत. शेवटच्या वेळी एखादा शब्द बदलावा, थोडे थकल्यासारखे काही घालावे, असा मोह मला झाला. मी पेन्सिलीने तो शब्द लिहिला, त्या बाईंचा प्रश्न आठवला, आणि शब्द खोडून पानाच्या समासात त्या वेळी खोलीत कोण कोण आहे त्यांची नावे लिहिली.